भैरू सांबराचा नवा गुडघा

एका जंगलात, बाळांनो, गुडघे टेकायची फार जुनी पद्धत होती. वाघमहाराज दरबारात आले की सगळ्यांनी टेकायचे. महाराज बोलले की टेकायचे. शिंकले तरी टेकायचे. आणि महाराजांना सर्दी बारमाही.

भैरू नावाचा एक तरणा सांबर दरबारात चाकरीला होता. घरातला पहिलाच दरबारी, त्यामुळे उत्साह दांडगा. बाकीचे एकदा टेकत तिथं हा दोनदा टेके. नेहमी उजवा गुडघा आधी आणि तोही दगडी पायरीवर, म्हणजे आवाज महाराजांच्या कानापर्यंत जाई.

ऐन तारुण्यात त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. पाय बाहेरच्या बाजूला वाकला. एके काळी माळावर त्याला कुणी गाठू शकत नसे. आता तो ओढ्यापर्यंत लंगडत जाई. वाघाच्या राज्यात पळता न येणाऱ्या सांबराचं काय होतं, ते मी तुम्हाला जेवायच्या आधी सांगणार नाही.

दरबारात सर्वांत ज्येष्ठ होते तरसोपंत. दात पडलेले, पण गुडघे ठणठणीत. ते म्हणाले, "या वयात गुडघा दुखतो? अरे, मला गुडघे आहेत हे मला अजून कळलेलं नाही."

भैरू डॉक्टर सुतारपक्ष्यांकडे गेला. त्यांनी चोचीनं टकटक करून पाहिलं.

"आतली गादी झिजलीय. म्हाताऱ्यांना आम्ही अख्खा सांधाच नवा बसवतो. तुला बसवला तर तुझ्याआधी तोच म्हातारा होईल. हाड कापून पाय सरळ करून देतो. पण गादी काही माझ्याकडे नाही."

मग तो पालवैद्यीणबाईंकडे गेला. बाईंची शेपटी तीनदा तुटून तीनदा उगवली होती. दुसरं प्रमाणपत्र कुणी मागत नसे.

"मूलपेशी सोडते," बाई म्हणाल्या. "म्हणजे आपण मोठेपणी काय व्हायचं हे न ठरवलेल्या पेशी. तुझ्याच हाडाच्या मज्जेतून काढून गुडघ्यात पेरायच्या. गादी धरेल बहुतेक. पण वाकड्या पायाचा भार पडला तर चेंगरून जाईल."

दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. भैरूनं तीन दिवस या दारातून त्या दारात लंगडत निरोप पोचवले. शेवटी एका सकाळी सुतारपक्ष्यांनी हाड सरळ केलं आणि लगोलग बाईंनी पेशी पेरल्या.

"किती वर्षं टिकेल?" भैरूनं विचारलं.

"ते तुझ्यावरूनच कळायचंय," दोघं एकदम म्हणाली. "टेकायचा मात्र नाही. जन्मात नाही."

भैरू चार महिने गुहेत पडून राहिला. मग एका सकाळी तो माळ ओलांडून पळाला. परत फिरून पुन्हा पळाला. पळता पळता रडला. खोटं कशाला सांगू, मलाही फार बरं वाटलं.

मग तो दरबारात गेला. महाराज शिंकले. सगळे टेकले. भैरू उभाच.

"काय रे?" महाराज म्हणाले.

"डॉक्टरांनी मनाई केलीय, महाराज. टेकला तर गादी जाईल."

"मग तुला येतं काय?"

"पळता येतं, महाराज. पूर्वीपेक्षा चांगलं."

महाराजांनी जिभल्या चाटल्या. "पळून दाखव. मी येतोच मागोमाग."

त्या नव्या गुडघ्यावर भैरूनं महाराजांना ओढ्यापर्यंतच मागं टाकलं असतं. पण मग चाकरी गेली असती, आणि तो तर घरातला पहिलाच दरबारी. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला तरसोपंत नीट दिसले. सगळे गुडघ्यांवर होते. तरसोपंत पोटावर होते, चारी पाय ताठ, नाक धुळीत. सगळी हयात ते असेच पडत आले होते. त्यांचा गुडघा एकदाही वाकला नव्हता.

भैरू धाडकन आडवा झाला.

"हे जास्त शोभतं," महाराज खूश होऊन म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तीच पद्धत पडली.

त्यानंतर त्या जंगलात कुणाचाच गुडघा दुखला नाही. दोन्ही दवाखाने ओस पडले. सुतारपक्षी आणि पालबाई आता दरबारातच असतात, शेजारी शेजारी, पोटावर. भैरूचा गुडघा अजून कोरा करकरीत आहे. पळायला सवड होत नाही, एवढंच.

तात्पर्य: तरुणपणी गुडघे झिजू नयेत असं वाटत असेल, तर नुसते गुडघे टेकू नयेत. पहिल्या दिवसापासून सरळ लोटांगण घालावं.