कॉम्प्युटरची आयुधपूजा

नव्या कॉम्प्युटरची पूजा त्याचं झाकण काढून करायची, हा निर्णय सर्वस्वी माझा होता. आईने फक्त ताम्हन धरलं होतं.

बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी लेथवर काम करतो, तिथे दसऱ्याच्या आयुधपूजेला यंत्राचं कव्हर उतरवतात, हत्यारं काढून ताटात मांडतात आणि जिथे खरं काम चालतं तिथे कुंकू लावतात. बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावणं म्हणजे पाहुणा सोडून त्याच्या चपलांना नमस्कार करणं.

हा कॉम्प्युटर मी सुटे भाग आणून, व्हिडिओ पाहून राजाजीनगरच्या आमच्या घरी स्वतः जोडला होता. भार्गवीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं होतं की आयता घ्यावा. लग्नानंतर सुटलेली शिकवण्याची नोकरी तिला परत मिळायची शक्यता निर्माण झाली होती. एका शाळेच्या ऑनलाइन वर्गांसाठी सोमवारी तिला नमुना धडा घ्यायचा होता. धडा जमला तर नोकरी, फसला तर पुन्हा आमच्याच तोंडाकडे बघत बसणं.

"अहो, माझी परीक्षा आहे. तुमचे प्रयोग नंतर करा ना," ती म्हणाली होती.

पण मी शाळा लवकर सोडलेला माणूस. अशा माणसाला घरच्यांना काहीतरी करून दाखवायची फार हौस असते. (घरच्यांना ते बघायची नसते, हा भाग वेगळा.)

तर पूजेला मी झाकण काढलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसून ताटात ठेवल्या. कुंकू लावलं तेही बेताने, पट्टीच्या वरच्या स्टिकरवर. सोनेरी दातांना लावायचं नसतं एवढं मला कळतं. मी अडाणी आहे, मूर्ख नाही. (हे वाक्य मी त्या दिवशी शेवटचं म्हणालो.)

"सूर्या, आत रिकामंच दिसतंय रे," आई म्हणाली. "स्वल्प अक्षता टाकते."

"टाक," मी म्हणालो.

आईचं 'स्वल्प' म्हणजे मूठभर.

मग पट्ट्या परत बसवल्या. एक चटकन बसली. दुसरी जरा कुरकुरली, पण लेथवाल्याच्या अंगठ्यापुढे कुरकुरून किती कुरकुरणार? दाबली.

संध्याकाळी भार्गवी धड्याचा सराव करायला बसली आणि पडदा निळा झाला. त्यावर एक रडका चेहरा उमटला.

"कोण गेलं?" आईने दारातून विचारलं.

बंद करून चालू केला. जरा वेळ चालला, परत रडका चेहरा. आईने निदान केलं: दृष्ट. शेजारच्या शकुंतलाबाई सकाळी डोकावून 'भारी आहे हं' म्हणाल्या होत्या. लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. शिवाय डब्याच्या वरच्या जाळीतून आणखी कुंकू आत सोडलं गेलं.

कॉम्प्युटर आता सुरू होतानाच रडू लागला.

शेवटी भार्गवीने तिच्या मावसभावाला बोलावलं. शंतनु पुण्याचा. इथे मारतहळ्ळीला आयटी कंपनीत आहे, आणि नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही माहीत नाही. तो आला, चहा प्यायला, पाठीमागे हात बांधून कॉम्प्युटरभोवती फिरला.

"बेसिकली मेमरी एरर आहेत," तो म्हणाला. "आमच्याकडे असं झालं की आम्ही तिकीट रेझ करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या टीमला सांगतो."

"इथे दुसरी टीम कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तिकीट रेझ न करण्याचं ठरवलं.

त्याने मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. पडद्यावर भराभर लाल ओळी उतरू लागल्या.

"लाल? मग शुभच की," आई म्हणाली.

शंतनुने एक पट्टी काढून दुसरी एकटीच पहिल्या खाचेत लावली. एकही लाल ओळ नाही. मग तिच्या जागी पहिली लावली. तीही निर्दोष. दोन्ही दोन खाचांत लावल्या की मात्र लाल ओळींचा पूर. मी खोडरबराने दोघींचे दात घासले. पुन्हा पूर.

शंतनुने चष्मा पुसला. "क्लिअर आहे. एकेकटी चांगली, एकत्र आली की भांडण. दोघींचं कम्पॅटिबल नाही."

आईने सुनेकडे बघून सुस्कारा सोडला. "एका घरात दोघी म्हटल्या की असंच असतं हो."

"दोघींचं छान जमतं, आई," भार्गवी म्हणाली. "तिसरा मध्ये पडतो तेव्हा बिघडतं. शंतनु, दुसऱ्या खाचेत एकटी पट्टी लावून बघितलीस का रे?"

"त्याची गरज नाही, कारण बेसिकली…"

"बघितलीस का?"

त्याने बघितली नव्हती. लावली. लाल पूर.

"म्हणजे पट्ट्या सभ्य आहेत. खाच बिघडलीय," भार्गवी म्हणाली आणि मोबाइलचा उजेड आत पाडला. दुसऱ्या खाचेत देवीच्या देवळाच्या उंबरठ्यावर असतं तेवढं कुंकू होतं. तळाशी, माझ्या अंगठ्याने ठेचलेली एक अक्षता.

सगळे माझ्याकडे वळले. आईनेसुद्धा असं पाहिलं, जणू मूठ माझी होती.

घाईघाईने मी खाचेत फुंकर मारली. कुंकू उडून शंतनुच्या कंपनीच्या पांढऱ्या टी-शर्टवर बसलं. मग अक्षता उकरायला मी चिमटा घातला. अक्षता निघाली, तिच्यासोबत खाचेतल्या दोन पिनाही वाकल्या. टी-शर्ट झटकताना शंतनुचा हात लागून चालू-बंदच्या बटणाची वायर तुटली ती वेगळीच.

आता एकाच पट्टीवर काम भागवायचं, आणि कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर ती वायर जिथे बसायची त्या आतल्या दोन काट्यांना स्क्रूड्रायव्हर टेकवून तो चालू करायचा, असं ठरलं. त्यासाठी कुणीतरी कॅमेऱ्यात न दिसता, डब्याजवळ टेबलाखाली बसायला हवं होतं.

"सरी, भावोजी बसतील," शंतनु म्हणाला. सरी म्हणजे ठीक आहे. बेंगळुरूत येऊन त्याने शिकलेला हा एकच कन्नड शब्द, आणि तो नेमका माझ्यावर वापरला.

सोमवारी मी गुडघे पोटाशी घेऊन, स्क्रूड्रायव्हर धरून टेबलाखाली बसलो. वर भार्गवी गुणाकार शिकवू लागली. पडद्यावर मुलं नव्हतीच. मुख्याध्यापिका पवित्रा मॅडम आणि दोन शिक्षिका मुलं असल्याचं सोंग करत होत्या, आणि तेही वाईट.

"सात आठे किती?" भार्गवीने विचारलं.

शांतता. मॅडम बहुधा मुद्दामच गप्प होत्या. माझ्या नाकासमोर भार्गवीचा पाय फरशीवर टकटक करू लागला. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. माझ्याने राहवलं नाही. भीतीने चिरका झालेल्या आवाजात मी ओरडलो, "चोपन्न!"

(वर्गात मी आपणहून दिलेलं हे आयुष्यातलं पहिलं उत्तर.)

पाय थांबला. मग भार्गवी इतक्या गोड आवाजात बोलली, की तसा आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता. "छान प्रयत्न, बाळा. सात साते किती ते येतं ना? मग त्यात अजून एक सात मिळव."

मी बोटं मोजली. "छप्पन्न!"

"शाब्बास!"

त्या शाब्बासकीने मी उठून उभा राहायला गेलो आणि टेबलाच्या कडेला डोकं आपटलं. पडद्यावर म्हणे एक केसाळ गोळा क्षणभर वर येऊन गेला. कॉम्प्युटर मात्र शेवटपर्यंत बंद पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पवित्रा मॅडमचा फोन आला. भार्गवीने स्पीकर लावला.

"तुम्हाला घेतलंय," मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या. "चुकलेल्या मुलाला न दुखावता कसं शिकवावं, ते काल प्रत्यक्ष पाहिलं. तो टेबलाखाली बसलेला मुलगा कोण? घरातलाच का?"

"हो मॅडम, घरातलाच," भार्गवी म्हणाली.

"लाजरा आहे, पण शिकायची इच्छा दिसते. कुठल्या शाळेत जातो?"

भार्गवीने माझ्याकडे पाहिलं. "सध्या कुठल्याच नाही, मॅडम."

"अय्यो! मग आणा की. स्टाफच्या मुलांना आम्ही लगेच प्रवेश देतो. पाढे कच्चे आहेत, दुसरीत बसवू."

भार्गवी तोंडात पदर कोंबून हसत होती. आई पलीकडे गणवेशाच्या मापाचा विचार करत होती. आणि मी हात हलवून भार्गवीला खुणावत होतो: अगं, निदान तिसरीत म्हण!