उपाशीपोटी विनोद

मिक्सरच्या भांड्याचं झाकण ओट्यावरून घरंगळत खाली पडलं आणि दौंडमधल्या त्या फ्लॅटची चिडीचूप सकाळ मोडली. डॉक्टर सायली फ्रिजसमोर उभी राहून ओठांतल्या ओठांत विनोदांची उजळणी करत होती. आवाजानं पाच वर्षांची राजनंदिनी डोळे चोळत बाहेर आली.

"आई, मी पण येणार."

झालं. शिऱ्याचा डबा, पाण्याची बाटली, पोरगी आणि नवरा इंद्रजीत असा लवाजमा राहू गावाच्या वाटेला लागला.

सायली सरकारी दवाखान्यात डॉक्टर. ड्यूटी आणि लेकीची आंघोळ यांच्यामधल्या चोरलेल्या वेळात तिनं वॉर्डातल्या किश्श्यांचा स्टँडअप शो बांधला होता. पुण्याच्या स्पर्धेला सलग दहा मिनिटांचा व्हिडिओ हवा होता आणि त्यात प्रेक्षकांचं हसू ऐकू यायला हवं होतं. आज शेवटची तारीख, म्हणून राहूच्या सभामंडपात शो ठेवला होता.

"दहा मिनिटं मी स्टेजवरून हलणार नाही," ती गाडीत म्हणाली. "छप्पर पडलं तरी."

छप्पर शाबूत होतं. सभामंडपही गच्च भरला होता. फक्त प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशव्यांतून एक्स-रे डोकावत होते.

"गोकुळभाऊ, हे काय?" मंडप मिळवून देणाऱ्या गोकुळला तिनं बाजूला घेतलं.

"घंटागाडीच्या भोंग्यावर पुकारलं, डॉक्टर मॅडम येणार म्हणून."

"आणि हे रिपोर्ट?"

"आजपातूर गावात डॉक्टर आला तो शिबिरालाच की वो. मंग नेहमीचंच सांगितलं. जुने रिपोर्ट आणा, उपाशीपोटी या."

इंद्रजीतनं मोबाईल स्टँडवर लावला. सायलीनं माईक घट्ट धरला.

"आमच्याकडं एक आजी आल्या. म्हणाल्या, मालकांच्या बीपीच्या गोळ्या उरल्यात, वाया कशाला घालवायच्या, म्हणून मीच घेते."

बायकांनी गंभीरपणे माना हलवल्या. "बरोबरच हाय की," एक जण म्हणाली.

"पेशंट एक, नातेवाईक अकरा. कुठं दुखतंय ते पेशंट सोडून सगळे सांगतात."

"त्याला बोलवत नसंल," मागून कुणीतरी तिची समजूत काढली.

तिसऱ्या मिनिटाला दगडाबाई नावाच्या आजी दंडावरची बाही सारत थेट स्टेजवर आल्या.

"बाई, आधी रक्त घ्या. मंग काय बोलायचं ते बोला."

"आजी, हे शिबिर नाही. मी विनोद सांगायला आलेय."

"सांगा की. काढता काढता सांगा."

मंडपात पहिल्यांदा खसखस पिकली. सायली जागची हलली नाही.

"मी सुई आणली नाही, आजी."

"डाक्टर आन् सुई न्हाई? मंग त्या पिशवीत काय?"

"पोरीचा डबा."

"म्हंजी पोरगी शिरा खाणार, आन् सबंध गाव उपाशी."

आता माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. फक्त पहिल्या रांगेतले हरिबा हसत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता, हात थरथरत होते. सायलीचा आवाज बदलला.

"आप्पा, शुगरची गोळी घेतली का?"

"घेतली."

"आणि खाल्लं काय?"

"तुम्हीच उपाशी बोलवलं."

सायली माईकसकट स्टेजवरून उतरली. लेकीच्या डब्यातला शिरा तिनं घास घास करून त्यांना भरवला, मनगट धरून शेजारीच बसली. पाच-सात मिनिटांत हरिबांचे डोळे निवळले.

"बाई," दगडाबाईंनी वरून विचारलं, "मला चक्कर यायला किती टाइम लागंल?"

मंडप हशानं फुटला. हरिबासुद्धा हसले. मग सायलीनं सगळ्यांना आधी घरी जाऊन खायला लावलं, आणि दुपारी एक वाजेपर्यंत ती रिपोर्टच बघत बसली.

परतताना गाडीत तिनं व्हिडिओ लावला. सलग बारा मिनिटं, आणि हसणं असं की मोबाईल थरथरावा. तिनं स्पर्धेचा फॉर्म उघडला. शेवटी एक चौकोन होता: 'सर्व विनोद माझे स्वतःचे आहेत.' तिचा अंगठा त्या चौकोनावर थबकला.

मांडीवरच्या राजनंदिनीनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि मान वर केली.

"आई, सगळे किती हसले. पण ह्यात विनोद कुणी सांगितले?"