ढमीच्या आईला वास येतो

सुसंस्कृत माणसाच्या अंगाला कसलाही वास चालतो, फक्त माणसाचा चालत नाही, याबद्दल आता कुठेही दुमत राहिलेलं नाही. गुलाबाचा चालतो. समुद्राचा चालतो (म्हणजे बाटलीवर समुद्राचं चित्र असतं, आतल्या द्रवाने समुद्र पाहिलेला असतोच असं नाही). हिरव्या सफरचंदाचा तर फारच चालतो. ज्या फळाने जन्मात कधी कुणाला जवळ घेतलेलं नाही, त्याचा वास लावून आपण एकमेकांना जवळ घेतो, ही प्रगतीच म्हणायला हवी. मी प्रगतीच्या बाजूचीच होते. आपण तिच्यात मागे पडलोय हे मला पाळणाघराच्या दारात कळलं.

मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करते. दावे मंजूर करणं हा या विभागाचा उद्देश आहे आणि ते नामंजूर करणं हे त्याचं काम. आपण आपणच आहोत, याचा पुरावा मी लोकांकडे दिवसभर मागत असते. तेवढा वेळ माझी मुलगी पाळणाघरात असते. ती अजून चालत नाही, रांगते, टोपणनाव ढमी. संध्याकाळी मी गेले की ती रांगत येते, माझी मान दोन्ही हातांनी धरते, मान आणि खांदा यांच्यामधल्या खळगीत नाक खुपसते आणि एक लांब श्वास घेते. मग सुस्कारा. एवढाच कार्यक्रम. पण साहेबांचं 'जरा बघून घ्या हो' आणि दावेदारांचं 'बाई, तुम्हाला काही मन आहे की नाही' हे दोन्ही मी त्या एका श्वासाच्या भरवशावर निभावते. तो बंद झाला तर काय, याची मला काळजी वाटते. (मला बटण, पंखा आणि दूध यांचीही काळजी वाटते. त्यामुळे घरातली बटणं मी ओढून बघते, पंख्याखाली पाळणा ठेवत नाही आणि दूध हुंगते. दूधच कशाला, उशी, पाहुणे, सगळंच हुंगते.)

तर पाळणाघराच्या दारात चपलांचं उंच कपाट आहे. त्यामागे वाकून मी सँडलचा बंद सोडवत होते. पलीकडे पाळणाघर चालवणाऱ्या ताई आणि मुलांना सांभाळणाऱ्या मावशी बोलत होत्या.

"ढमीच्या आईला वास येतो," मावशी म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. दारात पाऊल टाकलं की लगेच. बाकी एकीलाही येत नाही, ह्यांनाच तेवढा."

"अगंबाई! मग त्या यायच्या आधी खिडक्या उघडून ठेवत जा. आणि एवढ्यात बोलू नकोस काही त्यांच्याशी. उगाच वाईट दिसतं."

मी बंद पुन्हा बांधला, पुन्हा सोडला आणि चेहरा ठीक करून आत गेले. खिडक्या उघड्या होत्या.

दावे विभागात एका साक्षीवर निर्णय घेत नाहीत, म्हणून मी पुरावा तपासला. तो भक्कम निघाला. पाळणाघरात शिरताना एक आंबट वास मलाही रोज जाणवायचा. इतके दिवस मी तो पाळणाघराचा समजत होते! एका निष्पाप संस्थेवर आपण मनातल्या मनात केवढा आळ घेतला, या विचाराने मला ओशाळल्यासारखं झालं. तो वास मला घरी येत नसे, पण आपल्या घरी आपला वास कुणालाच येत नाही. ऑफिसात येत नसे, पण तिथे एअर कंडिशनर आहे. सगळं जुळत होतं. मुख्य म्हणजे ढमी त्या खळगीत नाक खुपसून जो सुस्कारा सोडायची, तो आता मला वेगळाच ऐकू यायला लागला. आज ना उद्या पोरगी तोंड फिरवणार.

नवऱ्याला विचारलं.

"माझ्या अंगाला वास येतो का रे?"

"कसला?"

"कसला म्हणजे? माझा!"

"तुझा येतो ना. दुसऱ्या कुणाचा येईल?"

"म्हणजे येतो!"

"अगं, मला सर्दी आहे."

साक्षीदाराला बारमाही सर्दी असल्याने ही साक्ष बाद केली. सासूबाईंना फोन लावला. मला त्यांच्याकडून 'छे गं, काहीतरीच' एवढंच हवं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं तूच विषय काढलास," आणि उपाय सांगायला लागल्या. नणंदेनेही तेच केलं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तर प्रश्न पुरा होण्याआधीच पर्समधून लिंबू काढलं. (माझ्या पाहणीनुसार शंभरातल्या नव्वद जणांकडे या विषयावर उपाय तयार असतो. उरलेले दहा जण तुमचा पत्ता घेऊन नंतर कळवतात.) ज्या व्याधीवर सगळ्यांकडे औषध आहे ती नसेलच असं कोण म्हणेल?

पहिला प्रयोग लिंबाचा. अर्धं लिंबू काखेत चोळावं, असं त्या बाईंनी सांगितलं होतं. काख आदल्या दिवशी ब्लेडने साफ केली असेल तर चोळू नये, हे सांगायचं राहून गेलं. त्या क्षणी मी जो आवाज काढला तो ऐकून वरच्या मजल्यावरचे काका 'काय झालं, काय झालं' करत खाली आले. त्यांना मी 'व्यायाम' असं सांगितलं. ऑफिसात दिवसभर सगळे एकमेकांना विचारत होते, इथे भांडी कोण घासतंय?

दुसरा प्रयोग खायच्या सोड्याचा. सोडा आम्ल मारतो, हे मी कॉलेजात शिकले होते आणि शिक्षण असं ऐन वेळी उपयोगी पडतं. पाण्यात कालवून लावला. वाळल्यावर त्याची भुकटी होते आणि हात वर केला की बाहीतून पडते, हे मला एका मयत विमेदाराच्या फाईलवर कळलं. साहेबांनी बोटाने थोडी उचलून बघितली. "सीलिंग सुटतंय वाटतं," म्हणाले. दुरुस्तीचा अर्ज वरती गेला आणि, या कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच, ताबडतोब मंजूर झाला. चार दिवस छत खरवडलं. माझ्या काखेत मात्र लाल पुरळ उठलं, ते कुणी मंजूर केलं नव्हतं.

मग व्हिनेगर. त्याबद्दल एवढंच सांगते, की नवऱ्याची सर्दी त्या दिवशी पहिल्यांदा गेली आणि त्याने ती परत मागितली.

शेवटी सासूबाईंची तुरटी. सोबत जोड-उपचार: कांदालसूण बंद, कपडे उलटे करून उन्हात वाळवणं, दोन वेळा अंघोळ, अंग खरखरीत होईपर्यंत कोरडं करणं, आणि घाम येऊ नये म्हणून काळजी न करणं. यातला शेवटचा उपचार मी सर्वांत जास्त मेहनतीने केला. आपण काळजी करत नाही ना, हे मी तासातासाला काळजीपूर्वक तपासायचे, आणि त्याचा घाम यायचा. तरीही यश आलं. मला कसलाही वास येईनासा झाला. माणूस इतका शुद्ध झाला की नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखा दिसतो. (नवरा 'उकडलेल्या बटाट्यासारखा' म्हणाला, पण त्याचं कांदालसूण बंद झालं होतं, त्याला सगळंच तसं दिसत होतं.)

त्या संध्याकाळी मी ताठ मानेने पाळणाघरात गेले. ढमी रांगत आली. मान धरली. खळगीत नाक खुपसलं. श्वास घेतला.

मग ती मागे सरकली. माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा एकदा हुंगलं, कागदपत्रांत काही राहून तर नाही ना गेलं अशा बेताने. मग खालचा ओठ बाहेर आला आणि तिने असं भोकाड पसरलं की पाळण्यातली सगळी मुलं त्यात सामील झाली. दोन्ही हात मावशींकडे.

"अगं वेडाबाई, आई आहे ती तुझी!" मावशी म्हणाल्या. "बघ की नीट! आई!"

मावशींनी तोंडी हमी दिली, पण ती ग्राह्य धरली गेली नाही. ओळख पटत नसल्याने दावा नामंजूर. हे वाक्य मी इतक्या लोकांना लिहून पाठवलं आहे. ते असं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

घरी तिने दूधही घेतलं नाही. खाली सोडल्याबरोबर सरसर रांगत न्हाणीघराशी गेली, धुवायच्या कपड्यांची टोपली आडवी केली आणि आतून माझा एक जुना गाऊन ओढून काढला. तो धुवायचा राहून गेला होता. त्याच्यात तोंड खुपसून ती तिथेच गप्प झाली. सुस्कारासुद्धा सोडला. खरी आई टोपलीत होती. मी तिच्याशेजारी फरशीवर बसून होते, स्वच्छ.

आता पेच असा होता, की मुलीला वास हवा होता आणि पाळणाघराला नको होता. दोन्ही पक्षांच्या संमतीने तोडगा काढावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी ताईंना गाठलं.

"ताई, थोडासा वास राहू दिला तर चालेल का हो तुम्हाला?"

ताई दचकल्या. "थोडासा? छे छे! आम्ही पूर्ण काढलाय!"

"तुम्ही? कुणाचा?"

"चटईचा! ती फोमची मोठी चटई नव्हती का, खालून दूध मुरलं होतं तिच्यात. दिली टाकून. का, अजून येतोय का तुम्हाला?"

"मला?"

"आम्हाला कुणालाच येत नव्हता, तुम्हालाच यायचा. दारात आलात की नाक असं करायचात," आणि ताईंनी नाक तसं करून दाखवलं.

"मीच सांगितलं ताईंना," मावशी आतून ओरडल्या. "म्हटलं ढमीच्या आईचं नाक कुत्र्यासारखं आहे! चांगल्या अर्थाने हो!"

आपल्या भाषेत 'भिंतीला वास येतो' आणि 'कुत्र्याला वास येतो' ही दोन वाक्यं अगदी एकाच मापाची शिवलेली आहेत. पहिल्यात भिंत खराब असते, दुसऱ्यात कुत्रं हुशार असतं. ढमीच्या आईला कुठल्या खणात ठेवायचं हे भाषेने ढमीच्या आईवर सोडलं होतं, आणि मी क्षणाचाही विचार न करता भिंतीत जाऊन उभी राहिले होते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी भरपूर कांदा घालून जेवण केलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चिरण्यामुळे नव्हतं. नंतरचे काही दिवस एकच अंघोळ, तुरटी बंद, आणि काळजी पूर्ववत. पाळणाघरात मी बसस्टॉपपासून धावत जायला लागले. एका संध्याकाळी ढमीने मान धरली, नाक खुपसलं, श्वास घेतला, बराच वेळ तपासणी केली, मग माझ्या खांद्यावर लाळेचा एक ओला ठसा उमटवला आणि सुस्कारा सोडला. दावा मंजूर. मी तिथेच चपलांच्या कपाटाला टेकून रडले. मावशी म्हणाल्या, "आता ह्यांना काय झालं?"

ही हकिगत मी पुष्कळांना सांगितली आहे. सगळे हळवे होतात, ढमीचा पापा घ्या म्हणतात, डोळे पुसतात. आणि मग आजूबाजूला बघून, जवळ सरकून, आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतात. तुमच्याही मनात आता तोच आहे, आणि तो ढमीबद्दल नाही. तेव्हा सांगून टाकते: तुरटीने. अंघोळ झाल्यावर ओलसर काखेत हलकी फिरवायची आणि मग अंग पूर्ण कोरडं करायचं. नक्की गुण येईल.

मात्र विचारायला एवढं जवळ यायची गरज नव्हती. कळलं होतं लांबूनच.