ग्लेनिसचं वजन आणि पुढच्या स्प्रिंगा

गाडीच्या कामात माझा हात धरणारा मुरिंगा गावात कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. माझी मोटारसायकल म्हणजे अंगापिंडाने म्हैस. तिचा क्लच, कार्बोरेटर, चेन, सगळं मी माझ्या पत्र्याच्या गॅरेजात उघडलंय आणि बहुतेक वेळा परत बसवलंही आहे. त्यामुळे माझ्या बायकोने, ग्लेनिसने, गाडीची तक्रार केली तेव्हा मी नुसता हसलो.

तक्रार अशी, की मी ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं आणि मागे बसलेल्या ग्लेनिसचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं.

“पोस्टापासून घरापर्यंत चार टकरा,” ती म्हणाली. “मेंढे तरी मध्ये दम खातात.”

“अगं, पुढच्या चाकाच्या फोर्कमधल्या स्प्रिंगा थकल्यात. दणकट स्प्रिंगा घातल्या की संपलं. एका दुपारचं काम.”

“नाताळच्या फेरीआधी कर. नाहीतर मी नेव्हिलच्या साइडकारमधून जाते. त्याने गादी बसवून घेतलीय.”

आता इथे माझं हसू मावळलं. दर डिसेंबरात आमच्याकडचे झाडून सगळे मोटारसायकलवाले गाड्यांना खेळणी बांधून हॉस्पिटलातल्या पोरांकडे निघतात. लग्न झाल्यापासून एकाही फेरीत ग्लेनिस माझ्या मागे नाही असं झालेलं नाही. ती मागे नसेल तर मी सांताक्लॉजची टोपी घालून एकटा कुणासाठी मिरवू? शिवाय नेव्हिल विधुर आहे, स्वयंपाक झकास करतो आणि मला अजिबात आवडत नाही.

मी ताबडतोब सिडनीच्या दुकानाला फोन लावला.

“चालवणाऱ्याचं वजन किती?” पलीकडचा पोरगा म्हणाला.

“नव्वद,” मी म्हणालो. अंदाज माझ्या लग्नातल्या सुटावरून घेतला होता.

“आणि मागे बसणाऱ्याचं?”

मी दाराकडे बघितलं. ग्लेनिस स्वयंपाकघरात होती. “ते सांगायलाच हवं का?”

“काका, वजन कळल्याशिवाय स्प्रिंग कशी देऊ? मऊ दिली तर नाक परत खाली, कडक दिली तर दोघं हवेत. बायकोलाच विचारा ना.”

पोराचं लग्न झालेलं नसावं. मी “उद्या कळवतो” म्हणून फोन ठेवला आणि विचार करत बसलो. आणि मग मला असा काही उपाय सुचला की माझीच पाठ थोपटावीशी वाटली.

गावाबाहेर गव्हाच्या कोठारांपाशी ट्रक तोलायचा वजनकाटा आहे. गाडीसकट दोघांनी त्यावर जायचं, काहीतरी निमित्त काढून ग्लेनिसला खाली उतरवायचं आणि दोन आकड्यांची वजाबाकी करायची. तिला पत्ताही लागणार नाही.

गव्हाची कापणी ऐन भरात होती, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. काट्यापुढे ट्रकांची ही रांग. मी “जरा टायर बघायचाय” असं पुटपुटत मध्ये घुसलो आणि काट्याच्या लोखंडी फलाटावर गाडी उभी केली. काट्याशेजारच्या टपरीवरच्या पाटीवर हाताएवढे लाल आकडे पेटले, ५६०. तेवढ्यात कर्णा खरखरला. आतून काटेवाली ऱ्होडा विचारत होती, “लाइल, गहू कुठाय रे?”

मी हातानेच तिला गप्प राहायची खूण केली. “ग्लेनिस, मागच्या चाकातून आवाज येतोय. उतरून बघतेस का जरा?”

बिचारी उतरली. काट्यावरून खाली पाय ठेवला, तसा आकडा ४८० झाला. ऐंशी. मी तोंडातल्या तोंडात ऐंशी, ऐंशी घोकत होतो. एवढ्यात मागच्या ट्रकमधून कुणीतरी ओरडलं, “वहिनी, ऐंशी भरलात की!”

ग्लेनिसने चाकाकडे बघितलं. मग पाटीकडे. मग माझ्याकडे.

“लाइल, तू मला गव्हाच्या काट्यावर तोललंस?”

“अगं, स्प्रिंगांसाठी.”

“ऐंशी? मी अडुसष्ट आहे. अडुसष्ट!” हे तिने एवढ्या मोठ्याने सांगितलं की रांगेतल्या शेवटच्या ट्रकवाल्यालाही ऐकू गेलं असावं. म्हणजे विचारलं असतं तर तिने सहज सांगितलं असतं.

कर्णा पुन्हा खरखरला. “ग्लेनिस, रागावू नको गं. हा काटा वीस-वीस किलोंनीच पुढे-मागे सरकतो. ट्रक तोलायला पुरतं तेवढं.”

“असं होय?” ग्लेनिस म्हणाली आणि तिने हाताची घडी घातली. “मग आता तू उतर, लाइल.”

“माझं कशाला? मी माझं दुकानात सांगितलंय.”

“किती सांगितलंस?”

मी आरसा पुसायला लागलो. मागून भोंगे सुरू झाले. मी गाडी स्टँडवर लावली आणि फाशीला चालल्यासारखा उतरलो. पाटीवर ३६० उरले. एकशेवीस किलोंची वजाबाकी अख्ख्या रांगेने एका सुरात केली. ऱ्होडा कर्णा बंद करायला विसरली होती, त्यामुळे तिचं हसू थेट रेल्वे फाटकापर्यंत पोचलं.

“दुकानात नव्वद सांगितलं,” मी शेवटी कबूल केलं.

“म्हणजे मी टकरा खात होते त्या तुझ्या पोटापायी,” ग्लेनिस म्हणाली. घरी येऊन तिने स्वतः दुकानाला फोन केला, दोघांची खरी वजनं सांगितली आणि वर त्या पोराला म्हणाली, “त्याचं थोडं वाढवूनच धर बाळा, नाताळ आहे.”

स्प्रिंगा आल्या. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचलून धरलं आणि मी फोर्कवरचं टोपण फिरवायला लागलो.

“पुस्तकात लिहिलंय, वरून दाबून धर आणि हळू सोड,” ग्लेनिस म्हणाली.

“मला शिकवतेस?” असं मी म्हणतोय तोच आत दबलेल्या स्प्रिंगने टोपण असं उडवलं की पत्र्याला पोचा आला आणि फोर्कमधलं जुनं काळं तेल माझ्या दाढीवर आलं. दुसरं टोपण ग्लेनिसने उघडलं. दाबून, हळू. नवी स्प्रिंग आत, मापून तेल, टोपण बंद. काम खरोखरच एका दुपारचं होतं, फक्त ते माझं नव्हतं.

फेरीच्या दिवशी सकाळी नेव्हिल साइडकार झटकत उभा होता. ग्लेनिस त्याच्यासमोरून चालत आली आणि माझ्या मागे बसली. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. टोपी सारखी केली आणि निघालो.

गाडी अशी चालली की रस्ता लोण्याचा वाटावा. पहिला सिग्नल आला, ब्रेक दाबला, नाक जागचं हललं नाही. मी खुशीत आलो. मग दुसऱ्या सिग्नलला मला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. इतकी वर्षं ग्लेनिस जीव मुठीत धरून, दोन्ही हातांनी माझ्या पोटाला घट्ट मिठी मारून बसायची. आज आरशात बघतो तर बाई ताठ बसलेली, दोन्ही हात मोकळे सोडून फुटपाथवरच्या पोरांना टाटा करतेय.

पुढच्या चौकात कुणीही आडवं आलेलं नसताना मी कचकन ब्रेक दाबला.

गाडी तसूभरही वाकली नाही. मागून ग्लेनिसने माझ्या खांद्यावर थोपटलं. “वा, लाइल,” ती म्हणाली, “आता धरायचीसुद्धा गरज नाही.”