‘हा कवा मेला?’ विचारणारे म्हात्रे

कुणी ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की आमचे म्हात्रे खुर्चीतून उठून उभे राहायचे. आता काहीतरी बिनसणार, अशी त्यांची खात्रीच पटायची. चहा आला म्हटलं तर आधी कपाला बोट लावून बघायचे. एकदा साहेबांनी चारचौघांत त्यांच्या कामाचं कौतुक केलं, तर हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आता कुठला काम गल्यात घालनार?"

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पेणमध्ये, गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर, आमचं पाच माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. मी रोह्याहून यायचो, म्हात्रे निडीहून. संध्याकाळी परतीच्या गाडीला आम्ही एकाच डब्यात असायचो. यांचा उभा जन्म निडीत गेला, पण फलाटावरच्या पाटीवरचं नाव वाचल्याशिवाय पाय खाली टाकायचे नाहीत. "पाटीवर बी इश्वास नाय माझा," म्हणायचे, "पन दुसरा काय हाय?"

आमचं काम परदेशातल्या एका गिऱ्हाइकाच्या डीबगरवर चालायचं. एखादा प्रोग्राम चालता चालता कोसळला, की मरताना आपली सगळी स्मृती एका फाइलमध्ये टाकून जातो. तिला डंप म्हणतात. डीबगर ती फाइल उघडून सांगतो की जीव नेमका कुठल्या ओळीवर गेला. तो खरं सांगतो ना, हे बघायला आपोआप चालणाऱ्या चाळीस चाचण्या होत्या. गिऱ्हाइकाने डंपची रचना बदलली आणि चाचण्या सुधारायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी त्या पाठवल्या की माझी नोकरी पक्की होणार होती. नाहीतर घरी वडील मास्तरकीचा अर्ज भरून तयारच होते.

म्हात्रे माझ्या वाईटावर आहेत, असा मला दाट संशय होता. मी जेवायला उठलो की हे माझ्या फाइली उघडून बघत आणि खिशातल्या डायरीत काहीतरी टिपून ठेवत. साहेबांचे कान भरत असणार, असं मी धरूनच चाललो होतो.

शुक्रवारी दुपारी चाळीसच्या चाळीस चाचण्या पास झाल्या. मी जवळजवळ ओरडलोच. म्हात्रे उठून उभे राहिले.

"सगल्या?"

"सगळ्या, म्हात्रेसाहेब."

ते माझ्या मशीनपाशी आले, डंपच्या फाइलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा कवा मेला?"

"आत्ताच. चाचणीच तर त्याला मुद्दाम पाडते."

"कुनी सांगितला?"

त्यांनी फाइलची वेळ काढून दाखवली. ती मंगळवारची होती. डिस्क भरत चालली म्हणून मंगळवारी मीच डंपच्या आकाराची मर्यादा शून्य केली होती आणि साफ विसरलो होतो. त्यानंतर प्रोग्राम रोज मरत होता, पण नवीन डंप लिहिलाच जात नव्हता. डीबगर जुनी फाइल वाचून बरोबर उत्तरं देत होता. ताजे डंप घेऊन चाचण्या पुन्हा चालवल्या, तर अकरा नापास झाल्या.

साहेब विचारायला आले. झालं, आता हे डायरी काढणार, असं मला वाटलं. म्हात्रे म्हणाले, "काम मी थांबवलाय. माझा इश्वास बसत नाय. सोमवारी पाठवू." साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि गेले. म्हात्र्यांच्या संशयाची त्यांना सवयच होती. शनिवार-रविवार आम्ही दोघे खपलो. सोमवारी चाचण्या गेल्या आणि माझी नोकरी राहिली.

त्या संध्याकाळी पेण स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी विचारलं, "तारीख बघायचं तुम्हाला सुचलं कसं?"

म्हात्रे म्हणाले, "माझा धाकला भाव कारखान्यात अपघातात गेला. चौकशीचा कागद आला. त्याच्यात लिवलेला, रात्रपाली होती, झोप लागली, तोल गेला. आमचा वसंत तर सकालच्या शिफ्टला होता! कुनीतरी जुन्या अपघाताचा कागद काढला, नाव बदलला नि दिला पाठवून. मी दोनदा अर्ज केला. दोनदा परत आला. आई अजून बोलते, माझा पोर पयल्यापासून झोपालू."

मला स्वतःची फार लाज वाटली. या माणसावर मी महिनाभर संशय घेत होतो.

"टिपणीस, तुला साहेबी इंग्रजी येतो," ते खाली बघत म्हणाले. "एक अर्ज लिवून दे ना."

मी मांडीवर वही घेतली. नेहमीच्या रिवाजाने ‘माननीय महोदय, आपल्या पत्राच्या संदर्भात’ असं इंग्रजीत सुरू केलं. म्हात्र्यांनी वहीवर हात ठेवला.

"ता मागून लिव," ते म्हणाले. "पयला लिव, तो जागा होता."