हिवताप खात्याचे नाना आणि जर्मनीतली टाकी

बाहेर बर्फ पडत असताना जर्मनीतल्या एका संडासाच्या फ्लशच्या टाकीत डासांच्या अळ्या आहेत का, हे धुळ्यात बसून तपासणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. तो आमच्या शेजारी राहतो, दर रविवारी चहाच्या वेळेला येतो आणि माझ्या हातातला फोन काढून घेतो.

हे आमचे नाना. चाळीस वर्षं हिवताप खात्यात होते. पाचोरा, पारोळा, धुळे, जिथे बदली होईल तिथे घरोघर फिरायचं, रांजणात टॉर्च मारायचा, अळी दिसली की भरलेला रांजण अंगणात उपडा करायचा आणि निघताना भिंतीवर गेरूने तारीख टाकून घरात तापाचे रुग्ण किती ते लिहायचं. खात्याने नानांना निवृत्त केलं, पण नानांनी खातं काही सोडलं नाही. कॉलनीतली पोरं एकेक करून परदेशी गेली तशी नानांची हद्द वाढत गेली, एवढंच.

माझी मुलगी प्राची नर्सिंग शिकायला जर्मनीला गेली. म्हणजे ताप कसा मोजायचा ते तिला तिथलं कॉलेज शिकवतं. पण नानांचा कॉलेजवर भरवसा नाही.

"पोरी, कॅमेरा फिरव. बठ्ठं दखाड," नाना हुकूम सोडतात. म्हणजे सगळं दाखव.

"नाना, इथे उणे पाच आहे. डास कुठून येणार?"

"तू डास पुस्तकात पाहिलाय. मी चाळीस वर्षं त्याच्या मागे फिरलोय. टाकी उघड."

ती बिचारी टाकी उघडते. मग हीटर. हीटर लावून खोली कोंडून ठेवतेस, दिवसातून दोनदा खिडकी उघडतेस का? विम्याचं कार्ड पर्समध्ये आहे का? ॲम्ब्युलन्सचा नंबर दाराच्या आतून चिकटवलास का? शेजारणीचं नाव काय? "काय म्हणजे, माहीत नाही? अगं, विरजण मागायला तरी जा तिच्याकडे!" जर्मनीत विरजण! आणि जळगावहून नेलेली शेव ती रोज रश्श्यात टाकून खाते हे कळलं, त्या रविवारी तर पाऊण तास भाजीपाल्यावर भाषण झालं. तोवर मी आणि सुनंदा, म्हणजे जन्मदाते आई-बाप, मागे ताटकळत उभे. फोन आमच्या हातात येईस्तोवर पोरगी म्हणते, "चला, माझी ड्युटी आहे."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण जाताना हा माणूस आमच्या फाटकाच्या खांबावर गेरूने लिहून जातो. तारीख, आणि खाली 'ताप ०'. दिवाळीत रंग दिलेला खांब! सुनंदा घासून घासून वैतागली.

"सूनबाई, नोंद पुसू नये," नाना वर तिलाच समजावतात. "उद्या साहेब तपासणीला आले म्हणजे?"

कुठले साहेब? नानांचे शेवटचे साहेब वारले त्याला पाच वर्षं झाली.

तर एका बुधवारी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. फाटक उघडताना सहज खांबाकडे लक्ष गेलं. तारीख सोमवारची. खाली 'ताप १'.

मी आधी सुनंदाच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या. दोघं थंडगार. आमच्या घरातलं तिसरं माणूस जर्मनीत होतं.

तसाच नानांकडे धावलो. "नाना, खांबावरचा एक कोण?"

नानांचा चेहरा उतरला. सोमवारी फोनवर ताप सांगताना प्राचीने त्यांना शपथ घातली होती, घरी सांगायचं नाही म्हणून. तोंडाने त्यांनी ती पाळली. पण रुग्ण कळला की भिंतीवर नोंद, ही हाताची सवय. हाताला शपथेचं काय कळतंय! पोरीच्या छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला होता. शिकते नर्सिंग, आणि 'उतरेल आपोआप' म्हणत खोलीत पडून होती. नानांनी दर दोन तासांनी फोन करून, शिव्या घालून तिला दवाखान्यात जायला लावलं होतं.

"तिचा बाप मी आहे की तुम्ही?" मी ओरडलो. "माझी पोरगी तिकडे तापाने फणफणतेय आणि मी इथे भजी खातोय! मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"बोल भाऊ. तुनं बरोबर शे," म्हणजे तुझं बरोबर आहे, एवढंच म्हणाले आणि त्यांनीच फोन लावून माझ्या हातात दिला.

"पप्पा, ताप उतरला आता," प्राचीचा आवाज पार बसला होता. "तुम्ही घाबराल, आईचं बीपी वाढेल, म्हणून नाही सांगितलं हो." मी तिला रागावलो, आणि रागावता रागावताच रडलो.

फोन ठेवला तर नाना माझ्याकडेच बघत होते.

"घाबराल म्हणून नाही सांगितलं, असं म्हणाली ना?"

"ऐकलंत की तुम्ही."

नाना पलंगावर बसले. संदीप, त्यांचा एकुलता एक, कॅनडात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नानांना ते महिन्याभराने कळलं, तेही पाचोऱ्याच्या त्याच्या मावशीकडून. "मला वाटलं, बाप आता लागत नाही याला," नाना म्हणाले. "तेव्हापासून त्याचा फोन आला की मी नुसतं 'बरं शे' म्हणतो आणि ठेवून देतो."

अख्ख्या कॉलनीच्या पोरांच्या टाक्या बघणारा हा माणूस आपल्या पोराची खोली बघत नव्हता, आणि शेजारी राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

"म्हणजे सुभाष, तो बी... तेवढ्यासाठीच?"

संदीपशी मी आयुष्यात चार वाक्यंसुद्धा बोललेलो नाही. तरी म्हणालो, "हो नाना. तेवढ्यासाठीच."

नानांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला. मग पंच्याआडूनच म्हणाले, "ऑपरेशनले कितला टाका पडनात, ते बी इचारं नही रे मी त्याले."