सूर वाकवणारी कवळी

"नाव सांगू नका, पत्ता सांगू नका, फक्त हिरडी दाखवा! माणूस मी सांगतो!"

कवळीमास्तर हे वाक्य दिवसातून दोनदा तरी म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं हो! तीस वर्षं माणूस कवळ्या घडवत होता. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, मास्तर त्यात प्लास्टर ओतून हिरडीचा पांढरा ठसा काढायचे आणि त्या ठशावर कवळी बेतायचे. कामाच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर अडीचशे ठसे, आणि एकावरही नावाची चिठ्ठी नाही! ही बँकेतली बाई, हा चौकातला न्हावी, हे निवृत्त न्यायाधीश... मास्तर दारातूनच बोट दाखवून सांगायचे.

"अहो, चिठ्ठ्या लावा हो," बायको म्हणायची. "एक दिवस घोळ होईल."

"अगं, आईला आपली पोरं ओळखायला चिठ्ठ्या लागतात का?"

"आईला अडीचशे पोरं नसतात!"

पण ऐकतील तर ते मास्तर कसले! त्यांच्या स्वतःच्या वरच्या जबड्यात एकही दात नव्हता. चाळिशीतच सगळे गेले. थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचेही तसेच गेले. घराण्याची देणगीच ती! दोघा भावांच्या कवळ्या मास्तरच करायचे, आणि दोघांचे ठसे एकाच फळीवर शेजारी शेजारी बसलेले असायचे.

आता दादाबद्दल सांगायलाच हवं. दादा शाळेत कवायतीचे मास्तर होते. आयुष्यभर शिट्टी फुंकली, पण खरा जीव माउथ ऑर्गनवर. असा सूर वाकवायचे की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून डोळे पुसायचा. धाकट्यानं चाळीस वर्षं नक्कल केली, गाल दुखवून घेतले, पण त्याचा एक सूर कधी केसभर वाकला नाही. "तुझा बाजा म्हणजे सरकारी भोंगा," दादा म्हणायचे. "वाजतो, पण नमत नाही!" मग दादाचे दात गेले. ओठांना आधार राहिला नाही, जिभेला जागा सापडेना. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी बाजा खणात टाकला, तो टाकलाच. तेव्हापासून ते कुणालाच 'वा' म्हणाले नव्हते, धाकट्याला तर त्याआधीही नाही.

ते 'वा' ऐकायचं म्हणून मास्तर तीन वर्षं झटत होते!

गोष्ट अशी, की माउथ ऑर्गनच्या प्रत्येक भोकात पितळेची दोन बारीक पाती असतात. एक फुंकल्यावर बोलतं, एक श्वास ओढल्यावर. पण दोघांपैकी एकच वाकतं, म्हणजे सूर खाली घसरवता येतो, रडवता येतो. दुसरं ताठ ते ताठच! मास्तरांनी काय केलं? प्रत्येक भोकात तिसरं पातं बसवलं. ते स्वतः बोलत नाही, पण त्याच्या संगतीनं उरलेली दोन्ही वाकतात. दहाच्या दहा भोकं, फुंका किंवा ओढा, सूर वाकलाच पाहिजे! या तिसऱ्या पात्याचं नाव मास्तरांनी ठेवलं 'पाहुणा'.

"पाहुणा घरात आला की नवराबायको दोघंही नमतं घेतात की नाही? तसंच!"

"पाहुण्यासमोर मीच नमतं घेते," बायको म्हणाली. "तुम्ही तर आणखी चढता."

एकच अडचण होती. पाहुण्याला उठवायचं तर जीभ टाळूला एका ठरावीक जागी टेकवावी लागते. ती जागा मास्तरांच्या जिभेला काही केल्या सापडेना! मग त्यांनी आपल्याच कवळीच्या टाळूवर मेणाचा ठिपका लावला. जीभ ठिपक्याला टेकली, श्वास ओढला, आणि काय सांगू, चाळीस वर्षांत पहिल्यांदा सूर वाकला! मास्तरांच्या अंगावर काटा आला! पुढच्याच क्षणी मेण वितळलं आणि मास्तरांनी ते गिळलं, ही गोष्ट वेगळी.

झालं! मास्तरांनी ती जुनी कवळी कापली, ठिपक्याची जागा मोजून घेतली आणि नवी कवळी करायला घेतली, टाळूवर कायमचा उंचवटा असलेली. माउथ ऑर्गनचं अंगही कवळीची हिरडी बनते त्याच गुलाबी मसाल्याचं केलं. दिसायला तो थेट लांबट हिरडीसारखा दिसायचा, पण दिसण्यावर काय आहे? आठवडाभर मास्तर बिनदातांचे दुधात पाव भिजवून खात होते आणि शीळ घालत होते. त्याच आठवड्यात दादाचीही नवी कवळी करायची होती. फळीवरून दोन ठसे उचलले, दोन कवळ्या घडवल्या. दादाची वर त्यांच्या खोलीत पोचवली. स्वतःच्या कवळीला मात्र शेवटची झिलई चालू होती, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

माउथ ऑर्गनच्या कारखान्यातल्या इंजिनिअरबाई आल्या होत्या! मास्तरांनी सतरा पत्रं लिहिली होती, अठराव्याला यश आलं. बाई चटपटीत, हसतमुख, हातात वही.

"माझ्याकडे एक तास आहे," त्या म्हणाल्या. "साडेपाचची गाडी. तुमचा बाजा खरंच दहाही भोकांत वाकत असेल ना, तर मी तो कारखान्यात घेऊन जाते. नसेल, तर चहा घेते आणि जाते."

"वाकतो म्हणजे? लोटांगण घालतो!" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कवळी तोंडात बसवली.

कवळी जरा... ढगळ वाटली. असेल! नवी आहे. गिऱ्हाइकांना ते नेहमी हेच सांगत, 'सवय होईल.'

मास्तरांनी बाजा ओठांना लावून श्वास ओढला. कवळी जिभेवर पडली, टक्! त्यांनी फुंकलं. कवळी वर आपटली, टक्! ओढला, टक्, फुंकला, टक्! सुरांपेक्षा टकटकच जास्त! घोडागाडी चालल्यासारखा आवाज खोलीभर घुमू लागला.

"अरे वा!" बाई वहीत लिहू लागल्या. "ठेका आतच बसवलाय? हे पत्रात नव्हतं!"

मास्तरांना खरं सांगायचं होतं, पण तोंडात कवळी आडवी झालेली! त्यांनी नुसती मान डोलावली.

"आणि वेग वाढवता येतो का?"

मास्तरांना घाम फुटला. आता थांबावं तर अब्रू जाते, वाजवावं तर कवळी जाते! त्यांनी छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून सातव्या भोकात फुंकर मारली. कवळी सुटली! बाज्यावरून उडाली, टेबलावर एकदा टेकली आणि थेट बाईंच्या चहाच्या कपात जाऊन बसली. कपातून ती बाईंकडे बघून हसत होती.

"हे... हेसुद्धा पत्रात नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या.

त्याच वेळी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि दारात दादा उभे! चेहरा लालबुंद, जबडा आवळलेला, गालांना हात लावलेले. तोंडातून फक्त "अं! अं! अं!" एवढंच येत होतं.

"हे दुसरे वादक का?" बाईंनी विचारलं.

दादांनी दोन्ही हातांनी कवळी उपटून काढली आणि टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात टाकली.

"कवळी आहे की सापळा?" ते ओरडले. "सकाळपासून तोंड उघडत नाही माझं! तीस वर्षं धंदा करतोस आणि भावाचं माप येत नाही तुला? गाढवा, निदान हिरडी तरी बघायचीस!"

"दादा, पाहुणे आहेत..."

"पाहुणे असोत नाहीतर पंच असोत! ही कवळी मी घालणार नाही!"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वही मिटली. तीन वर्षं, अठरा पत्रं, आठवडाभर भिजका पाव, आणि शेवट काय, तर कपात कवळी! त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

बायकोनं मात्र चहातली कवळी चमच्यानं काढली, दादांची पेल्यातून काढली, दोन्ही नळाखाली खसखसून धुतल्या आणि शेजारी शेजारी धरल्या.

"तुमची ढगळ होतेय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"हो."

"आणि दादा, तुमची आवळतेय?"

"जीव जातोय!"

"थोरल्याचा सदरा धाकट्याला घातला की ढगळ होतो," ती म्हणाली, "आणि धाकट्याचा थोरल्याला घातला की काखेत आवळतो. अहो हिरडीतज्ज्ञ, कुणासाठी कुणाचा ठसा उचललात?"

मास्तरांनी फळीकडे पाहिलं. दोन पांढरे ठसे, एका आईच्या पोटचे, शेजारी शेजारी बसलेले. डावा आपला की उजवा? उजवा... की डावा? तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना सांगता येईना!

"आण इकडे," दादा गुरगुरले आणि उंचवट्याची कवळी त्यांनी तोंडात सरकवली. चट्कन बसली! दादांनी जबडा हलवला. दातांवर दात वाजवून पाहिले. मग जीभ टाळूवर फिरवली.

"हे काय टोचतंय वर?"

"दादा," मास्तरांनी गुलाबी बाजा पुढे केला, "जीभ तिथं टेकव, आणि वाजव."

"मी सोडलंय ते. माहीत आहे तुला."

"एकच सूर, दादा! सातवं भोक. ओढून."

दादा हसले. "वेड्या, सातवं ओढून कधी वाकतं का? उभ्या जन्मात मला जमलं नाही, जगात कुणालाच नाही."

"म्हणून तर म्हणतोय!"

दादांनी बाज्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि तोंड वाकडं करत बाजा ओठांना लावला. श्वास ओढला. सूर निघाला, सरळ, ताठ. मग जीभ टाळूला टेकली, आणि तो सूर खाली आला! हळूहळू, अगदी सावकाश, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा! दादांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा वाकला! मग आठवं, नववं, दहावं, मग फुंकून पहिलं, दुसरं, आणि मग अकरा वर्षं कोंडलेलं सगळंच बाहेर आलं! रस्त्यावर सायकलवाला थांबला. समोरच्या शिंपीणबाईंनी यंत्र बंद केलं. मास्तर तर लहान मुलासारखे उड्या मारत होते. "वाकला! सातवा वाकला! अगं, वाकला गं!"

"ऐकू येतंय मला," बायको डोळे पुसत म्हणाली.

इंजिनिअरबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "कमाल आहे! मला हवंय हे! आत्ताच्या आत्ता! मला करून देता अशी कवळी?"

"दोन दिवसांत! आ करा!" मास्तरांनी आरसा घेतला, दिवा लावला, बाईंच्या तोंडात वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरेरे," ते म्हणाले. "सगळे आहेत!"

"काय सगळे?"

"दात हो! वरचे सगळे शाबूत! एकही पडलेला नाही!"

दादा वाजवायचे थांबले. तीस वर्षं मास्तरांनी फक्त बोळकी तोंडं पाहिली होती. जगात काही लोकांना दात असतात, ही गोष्ट या तीन वर्षांत त्यांच्या डोक्यातच आली नव्हती!

"म्हणजे तुमचा बाजा वाजवायला," बाई सावकाश म्हणाल्या, "गिऱ्हाइकानं आधी दात काढायचे?"

"वरचेच फक्त!" मास्तर घाईघाईनं म्हणाले. "दुखत नाही फारसं!"

बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो, थांबा!" बायको मध्ये पडली. "बाई, तुम्हाला वाजवता येतं ना? जीभ कुठं टेकवायची ते कळतं ना? मग कवळी कशाला हवी? ती यांना लागते, कारण यांना वाजवता येत नाही!"

एवढं सोपं! बाईंनी बाजा मागितला, तो धुऊन पुसून त्यांच्या हातात आला. आणि खरंच! स्वतःच्या बत्तीस दातांनिशी, कसल्याही उंचवट्याशिवाय, बाईंनी दहाच्या दहा भोकं वाकवली. पाहुण्यानं प्रत्येक घरात आपलं काम चोख केलं.

"हा मी घेऊन जाते," बाई म्हणाल्या. "कारखाना हा काढेल, माझा शब्द! पण कवळी... ती तुमच्याकडेच राहू द्या."

साडेपाचची गाडी बाईंनी पळत पळत पकडली. इकडे मास्तर दादांसमोर जाऊन उभे राहिले. तोंडात आता दादांची ती 'सापळा' कवळी, जी त्यांना अगदी मापात बसली होती.

"दादा," त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

दादांनी जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला आणि अकरा वर्षांनी तोंडभर हसले.

"वा!" ते म्हणाले. "वा, वा! तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा माझं माप बरोबर घेतलंस!"

तीस वर्षांत पहिल्यांदाच तर ते चुकलं होतं! पण 'वा' ते 'वा'.

ती कवळी दादांनी परत दिलीच नाही, मग मास्तरांनी त्यांना तसाच दुसरा बाजाही करून दिला. आता वरच्या खोलीत दिवसभर सातवं भोक वाकत असतं. बायकोनं अडीचशे ठशांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, मास्तरांच्या ठशावर तर दोन. मास्तर अजूनही आल्यागेल्याला छाती फुगवून सांगतात, "नाव सांगू नका, फक्त हिरडी दाखवा, माणूस मी सांगतो!" मग वरून बाज्याचा आवाज येतो, बायको खोकते, आणि मास्तर हळूच पुढे जोडतात, "घरची माणसं सोडून."